हत्तीचं पाणी

"यासाठी एवढं चाललो आपण?"

टोपीवाले गृहस्थ हे हळू बोलले असते तर मी कानाआड केलं असतं. पण ते कमरेवर हात ठेवून चांगले खणखणीत बोलले आणि बाकीचे अकरा जण खाली मान घालून गप्प राहिले. त्यांच्या पायांपुढे माझा हत्ती पसरला होता. सोंडेपासून शेपटीपर्यंत अठरा हात लांब, कातळात कोरलेला, हजारो वर्षांपूर्वीचा. आणि त्या बारा जणांना तिथे नुसता करडा दगड दिसत होता.

मार्चचा शेवटचा आठवडा, साडेअकराचं ऊन. सूर्य डोक्यावर आला की कातळातल्या रेघांत सावली राहत नाही, आणि सावली गेली की चित्रही गेलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याइतकं गावात कुणालाच माहीत नव्हतं.

मी प्रमिला नवाळे. राजापूरच्या बाजूला आमचं खारवळे गाव, आणि गावाच्या डोक्यावर आमचा सडा. सडा म्हणजे उघडं पठार, नजर पोचेल तिथवर नुसता जांभा दगड. झाड नाही, विहीर नाही, असल्या तर करवंदीच्या जाळ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू मला गुरांमागे तिथे घेऊन गेली आणि पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, "सड्यावर जाताना काठी नि पाणी. बाकी सगळं देवावर." तिथे कातळात कोरलेल्या आकृत्यांना ती पांडवांची चित्रं म्हणायची आणि त्यांच्यावर पाय पडू द्यायची नाही. पुढे शहरातली अभ्यासू माणसं आली, टेप लावून मोजून गेली. मग बघणारे यायला लागले. दाखवणारं कुणीतरी हवं म्हणून मी उभी राहिले. बाईमाणूस काय दाखवणार, असं म्हणणारे गावात होतेच. त्यांची तोंडं माझ्या हत्तीनं बंद केली.

हत्तीला उठवायची माझी एक रीत होती. आधी केरसुणीनं माती झाडायची, मग सोंडेच्या टोकापासून पाणी सोडत जायचं. कोरडा कातळ भिजून काळाभोर होतो, रेघांत पाणी थांबून चमकतं. सोंड, कपाळ, पाठ, पाय आणि सगळ्यात शेवटी डोळा. डोळा म्हणजे चांगला वाटीएवढा खोल खळगा. तो भरला की बघणाऱ्यांच्या तोंडून एकदम "आऽऽ" निघायचा. खोटं कशाला बोलू, त्या "आ"ची मला चटक लागली होती. घरात माझ्या कुठल्या कामाला कुणी कधी "आ" म्हटलं नव्हतं.

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. चित्रांचं पाणी वेगळं आणि पिण्याचं पाणी वेगळं. चित्रांसाठी माझा धाकटा दीर महेंद्र दोन मोठे कॅन मोटरसायकलला बांधून मागच्या वाटेनं आणून ठेवायचा. पिण्याचा पाच लिटरचा कॅन माझ्या खांद्याला. कुणाची बाटली संपली, कुणाला चक्कर आली, तरच त्याचं झाकण उघडायचं. नाहीतर भरला तसा परत आणायचा. तीन वर्षं मी तसाच परत आणत होते.

त्या दिवशी सांगलीहून बारा जण सकाळी साडेसातला यायचे होते. आले पावणेदहाला. घाटात गाडी बंद पडली म्हणे. शहाण्या माणसानं म्हटलं असतं, जेवा, आडवे व्हा, पाच वाजता जाऊ. पण त्यांना संध्याकाळी पुढच्या गावी मुक्कामाला पोचायचं होतं, आणि आलेली माणसं हत्ती न बघता गेली हे मला सोसलं नसतं. "चला चला, भरभर," म्हणत मी त्यांना अंगणातूनच सड्याच्या वाटेला लावलं. एरवी मी एकेकाची बाटली हातात घेऊन हलवून बघते. त्या दिवशी बघितली नाही.

त्या बारा जणांत नेर्लेकर सर होते. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर, सत्तरीला टेकलेले, अंगानं काटकुळे, गळ्यात शबनम. बरोबर त्यांची मुलगी गौतमी, तीसएक वर्षांची. ती वाटेत माझ्या बरोबरीनं चालत होती.

"ताई, आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते," ती मला म्हणाली. "दोन वर्षं पेन्सिल हातात धरली नाही त्यांनी. मी अक्षरशः ओढून आणलंय. हे बघून तरी धरतील, असं वाटतंय."

आणि धरली की त्यांनी! पहिल्याच ठिकाणी, कातळातला मासा दाखवला तिथे, सर तापल्या दगडावर मांडी घालून बसले आणि शबनममधून वही काढून मासा काढायला लागले. गौतमीनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "बघा ताई, बघा," ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या माशापाशी आमची वीस मिनिटं गेली. पुढे पावलांच्या जोडीपाशी पंधरा. ऊन चढत होतं. मला दिसत होतं. पण त्या बापलेकींना घाई करा म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

हत्तीपाशी पोचलो तर महेंद्रचा पत्ता नाही. ना मोटरसायकल, ना कॅन. फोनला रेंज नाही. मी केरसुणीनं माती झाडली, बोटानं दाखवायला लागले, ही सोंड बघा, हे पाय बघा. कुणाला काही दिसेना. कुणी मान हलवली, कुणी सावली शोधायला लागला. आणि टोपीवाल्यांनी तो प्रश्न टाकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यासाठी एवढं चाललो, म्हणे! अरे मेल्या, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी दगडानं दगड ठोकून हे जनावर काढलं, आणि तुला दोन मैल चालायचं जिवावर आलं! अर्थात हे मनात. पाहुण्याला असं बोलता येत नाही.

सर मात्र गुडघे टेकून हत्तीच्या रेघांवरून बोटं फिरवत होते.

"हा कान," ते म्हणाले. "ही सोंड. वर वळलीय. बाई, मला दिसतोय हो हा. डोळ्यांनी नाही, बोटांनी. तुम्ही लोकांना सकाळी सातला आणत जा. तिरपं ऊन पडलं की आपोआप उठेल, पाणीबिणी काही लागणार नाही."

मला तेही झोंबलं. म्हणजे आता हे मास्तर मला माझा हत्ती शिकवणार! मी खांद्यावरचा कॅन खाली उतरवला.

सर उठले. दोनदा प्रयत्न करावा लागला त्यांना उठायला. माझ्या अगदी जवळ आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते सांगेन, पण आत्ता नाही सांगवत. मी "हो हो सर" म्हटलं आणि झाकण उघडलं.

पाणी धावलं. सोंडेवरून कपाळावर, कपाळावरून पाठीवर. कातळ चर्र झाल्यासारखा वाटला. मग डोळा भरला आणि बारा जणांच्या, नाही, अकरा जणांच्या तोंडून "आऽऽ" निघाला. टोपीवाल्यांनी तर टाळ्या वाजवल्या. "मानलं बाई तुम्हाला," म्हणाले.

"ताई, सोंडेवर अजून थोडं," गौतमी मोबाइल धरून म्हणाली. "बाबांचा फोटो काढते. बाबा, तिथे उभे राहा ना."

मी सोंडेवर अजून थोडं ओतलं. कॅन उपडा करून झटकलासुद्धा. सर हत्तीच्या सोंडेपाशी उभे राहिले आणि मुलीसाठी हसले.

परतीच्या वाटेला लागून सात-आठ मिनिटं झाली असतील. मी पुढे होते. मागून गौतमीचा आवाज आला, "बाबा, असं काय करताय?"

वळून बघितलं तर सर वाट सोडून भलतीकडेच चालले होते. दारू प्यायलेला माणूस चालतो तसे. मग खाली बसले.

"घंटा झाली का गं?" त्यांनी विचारलं.

"कसली घंटा बाबा?"

"मधल्या सुट्टीची. मुलांना पाणी पिऊन येऊ दे. किती वेळ बसवून ठेवलंय त्यांना."

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. तापलेला तवा परवडला. आणि घामाचा टिपूस नाही. सड्यावर ऊन लागलेलं जनावर मी बघितलेलं आहे. घाम थांबला की संपलं, असं सासू म्हणायची.

"ताई, पाणी!" गौतमीनं हात पुढे केला. "तुमचा कॅन द्या."

मी कॅन पुढे केला. तिनं तो घेतला. रिकाम्या कॅनला वजन नसतं, तिचा हात उगाच वर गेला. तिनं कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाटल्या काढा सगळ्यांनी!" मी ओरडले. बाटल्या निघाल्या. कोरड्या. कुणाच्या तळाशी घोट, कुणाच्या अर्धा घोट. अकरा बाटल्या एकीत उपड्या केल्या तेव्हा पाव बाटली भरली. ती सरांच्या ओठाला लावली. त्यांनी दोन घोट घेतले आणि सगळं ओकून टाकलं. उरलेलं मी त्यांच्या डोक्यावर थापलं. ते कुठल्या कुठे सुकून गेलं.

आम्ही त्यांना उचलून करवंदीच्या जाळीपाशी नेलं. सावली कसली, गुडघ्याएवढी. चौघांनी ओढण्या ताणून वर धरल्या. कुणी टोपीनं वारा घालत होतं. वारा तरी कसला, भट्टीचा.

"रेंज कुठे मिळते?" टोपीवाल्यांनी विचारलं.

"तिकडे, ते एकटं झाड दिसतंय ना, त्याच्या पलीकडे कडेला."

ते धावत सुटले. पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस, त्या उन्हात. टोपी उडून पडली ती उचलायलाही थांबले नाहीत. मघाशी मी ज्याला मनात मेल्या म्हटलं, तो माणूस.

मी मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं. बा सड्याच्या राखणदारा, चूक माझी आहे, शिक्षा मला दे, या माणसाला उठव. कोंबडा देईन, नारळ देईन, काय मागशील ते देईन. पण एक तांब्या पाणी दे. आत्ता दे. वर बघितलं तर आभाळात एक ढग नव्हता.

सरांचे हातपाय झटके द्यायला लागले. गौतमी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसली होती. एकदम ताडकन उठली.

"ताई, तिथलं पाणी! हत्तीतलं!"

आम्ही दोघी पळालो. मी चप्पल केव्हा टाकली मला आठवत नाही, पाय भाजत होते एवढं आठवतं. देवा, थोडं तरी ठेव, थोडं तरी ठेव, एवढंच मी म्हणत होते. पाणी ओतून अर्धा तासही झाला नव्हता. पोचलो, आणि मला हत्ती कुठे आहे तेच कळेना. कातळ पहिल्यासारखा करडा, कोरडा. हत्ती परत झोपला होता.

"कुठे आहे? ताई, कुठे आहे?"

मी ओणवी होऊन हातानं चाचपत गेले. सरांनी बोटं फिरवली होती तशीच. कान सापडला, कपाळ सापडलं, मग डोळा. डोळ्यात पाणी होतं. पाव वाटीभर. गरम, त्यात मुंग्या आणि माती. गौतमीनं ओढणी गोळा करून आत दाबली. कापडानं ते सगळं शोषून घेतलं. तरी ती उठेना. सोंडेच्या रेघा नखांनी खरवडायला लागली.

"इथे मी ओतायला सांगितलं होतं. इथे असेल. थोडं तरी असेल ना इथे."

"नाहीये गं. उथळ आहे ते. चल."

"असेल हो!"

तिची नखं तुटली. मी दंडाला धरून तिला ओढत आणली. ओला बोळा तिनं दोन्ही मुठींत असा धरला होता की ऊन त्याला दिसू नये. तरी पोचेपर्यंत वरचा पदर सुकला होता. आतला ओला भाग तिनं वडलांच्या तोंडावरून, मानेवरून फिरवला, मग पिळला. चार-पाच थेंब ओठांत गेले असतील.

सरांनी डोळे उघडले. तिला ओळखलं.

"वही उन्हात नको ठेवूस गं," ते म्हणाले. "पानं पिवळी पडतात."

"नाही ठेवणार बाबा. बाबा, बोला ना. अजून बोला."

ते काही बोलले नाहीत. श्वास मात्र चालू होता, घरघर आवाज करत.

आणि तेव्हा मोटरसायकलचा आवाज आला. मागच्या वाटेनं, धूळ उडवत, महेंद्र. लांबूनच हात हलवत होता.

"वैनी, टायर बसला व्हता गो!" तो ओरडला. "आनलंय, हत्तीचं पानी आनलंय!"

दोन भरलेले कॅन. चाळीस लिटर. आम्ही ते सरांवर ओतलं. डोक्यावर, छातीवर, पायांवर. कपडे भिजले, जाळी भिजली, कातळावरून पाण्याचे ओहोळ वाहत गेले. इतकं पाणी, इतकं पाणी! मी तिथेच बसून मोठ्यानं रडायला लागले. महेंद्र माझ्याकडे बघतच राहिला. त्याला अजून काही कळलंच नव्हतं.

पुढे महेंद्र, मधे सर, मागे त्यांना धरून गौतमी, असे ते मोटरसायकलवरून सडा उतरले. टोपीवाल्यांच्या फोनवर गावातून जीप निघाली होती, ती डांबरी रस्त्यावर भेटली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. सर चार वाजता गेले.

डॉक्टर तरुण होता. त्यानं कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "बरोबर पाणी नव्हतं का?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी गौतमी बोलली.

"होतं," ती म्हणाली. "संपलं."

डॉक्टरनं लिहून घेतलं. मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

मला कुणी बोल लावला नाही. ऊन लागलं, वय झालं होतं, उशीर झाला, असं सगळे म्हणाले. टोपीवाल्यांनी आठ दिवसांनी फोन केला. "बाई, तुम्ही शर्थ केलीत हो, अनवाणी पळालात," म्हणाले. मी "कसलं काय," म्हटलं आणि फोन ठेवला. त्या रात्री जेवले नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी जेवले. माणूस जेवतो.

लोकांना न्यायचं मी सोडलं नाही. पण सकाळी सहाला निघते, नाहीतर संध्याकाळी. तिरप्या उन्हात हत्ती आपोआप उठतो, सर म्हणाले होते तसा. चित्रावर मी पुन्हा थेंब टाकला नाही. कुणी आग्रह केला तर दगड खराब होतो म्हणून सांगते.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. गेल्या वर्षी, फेब्रुवारीत, मी पडवीत कोकमं निवडत बसले होते, तर कुंपणाचं बेडं सरकवून एक बाई आत आली. केस पुढून पांढरे झालेले.

"ताई, ओळखलंत?"

आवाजावरून ओळखलं. माझ्या हातातलं सूप खाली गेलं.

उन्हातून आलेल्याला आमच्याकडे आधी गूळपाणी देतात. मी तांब्या आणि पेला आणला, वाटीत गुळाचा खडा ठेवला. ती बाकावर बसली. गुळाला हात लावला नाही, पाण्यालाही नाही. मी समोर जमिनीवर बसले.

"एकटीच आलीस?"

"हो. नवऱ्याला सांगून आले नाही." ती पेल्याकडे बघत होती. "ताई, मला तुम्हाला एक विचारायचंय. बरीच वर्षं विचारायचंय. खरं सांगाल?"

"विचार."

"मी 'सोंडेवर अजून थोडं' म्हणाले होते. आठवतं तुम्हाला? ते मी म्हणाले नसते तर किती पाणी उरलं असतं?"

मी गुळाची वाटी तिच्याकडे सरकवली.

"तांब्याभर उरलं असतं? की दोन पेले? फोटोसाठी म्हणाले हो मी. तो फोटो मी आजपर्यंत उघडून बघितला नाही." तिचा आवाज चिरकला. "माझी मुलगी सहा वर्षांची आहे. ती नळाखाली हात धुते तरी मी तिच्यावर ओरडते. परवा मारलं तिला. पेलाभर पाणी सांडलं म्हणून मारलं. नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय. लागलंच असेल. बाबांना मी ओढून नेलं, आणि बाबांचं पाणी मीच ओतायला लावलं."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. नाही गं बाळा, तेवढ्यानं काही झालं नसतं, असं म्हणायचं, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा, चहा ठेवायचा. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की सरांनीच मला बोलू नको म्हणून सांगितलंय, मी दिला शब्द पाळतेय. बघा, केवढी शब्दाची पक्की मी!

पण तिनं आपल्या पोरीला मारलं होतं.

"बाळा," मी म्हटलं, "मी कॅन उघडायच्या आधी तुझे बाबा माझ्याजवळ आले होते. तू बघितलंस?"

"नाही."

"आले होते. म्हणाले, 'बाई, हे पाणी उघडू नका. मला भोवळ येतेय. परत जाताना मला लागेल. आणि गौतमीला कळू देऊ नका, तिचा आजचा दिवस फार चांगला चाललाय.' हेच शब्द. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी 'हो हो सर' म्हटलं आणि झाकण उघडलं."

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या.

"तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल," ती शेवटी म्हणाली. मला सुटायला वाट करून देत होती ती. त्या पोरीची माया बघा.

"आलं. नीट ऐकू आलं."

"मग?"

"तो टोपीवाला म्हणाला होता ना, 'यासाठी एवढं चाललो आपण?'"

"हो. मग?"

"मग काही नाही."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी," मी म्हटलं. "तू म्हणायच्या आधी कॅन अर्ध्याहून जास्त रिकामा झाला होता. आणि तू म्हणाली नसतीस तरी मी सगळा ओतला असता. डोळा भरल्यावर परत सोंडेवर ओतायची माझी पद्धतच होती. लोक पुन्हा 'आ' करायचे."

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी रिकामा कॅन हातात घेऊन बघितलं होतं तसंच. मला वाटलं, आता ती उठेल, माझ्या तोंडावर थुंकेल, पेला फेकून मारेल. मारावा असंच मला वाटत होतं.

तिनं पेला उचलला. ओठाला लावला आणि प्यायली. घटाघटा, मधे श्वास न घेता, उन्हातून आलेलं माणूस पितं तशी. पाणी हनुवटीवरून ओघळलं, साडीवर सांडलं, तिनं पुसलं नाही. पेला रिकामा करून तिनं तो खाली ठेवला नाही, माझ्यापुढे धरला.

मी तांब्यानं ओतलं. ती तेही प्यायली. मग तिसरा.

तिनं मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. तांब्या संपला तशी मी आत जाऊन हंड्यातून भरून आणला. माझ्याकडून निम्मं पेल्याबाहेर सांडत होतं. तिनं माझं मनगट धरलं, पेल्यावर नीट आणलं.

"अजून थोडं," ती म्हणाली.

मी ओतत राहिले.